हार्डकोर रेव्ह: जुन्या चाहत्यांचा आवडता काळ कोणता, आणि का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हार्डकोर रेव्ह म्हणजे नेमकं कोणतं संगीत?

साधारण १९९० ते १९९७ या काळात इंग्लंड, स्कॉटलंड, बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीत घडलेलं वेगवान नृत्यसंगीत. १९८८ च्या अ‍ॅसिड हाउस या क्लबमधल्या नृत्यसंगीतातून ते फुटलं. दरवर्षी वेग थोडा वाढला आणि दर दीड-दोन वर्षांनी नवी फांदी निघाली. गिटारवाल्या हार्डकोर पंकशी याचं नातं नाही.

आपल्याकडे 'रेव्ह पार्टी' हा शब्द बहुतेकांना पोलिसांच्या छाप्याच्या बातमीमुळेच माहीत असतो. त्या काळी तिकडे एक्स्टसी या अमली पदार्थाचा वापर होता आणि त्यात जीवही गेले, हे खरं आहे. पण या रेकॉर्ड नशेवाचून, घरी चांगल्या हेडफोनवर ऐकल्या तरी तितक्याच ताकदीने उभ्या राहतात. पुढचं सगळं संगीताबद्दल आहे.

चाहते कोणकोणते काळ मानतात?

सीमा काटेकोर नाहीत, पण बोलताना हे टप्पे धरले जातात. १९९०-९१ हा बेल्जियन टेक्नो, ब्लीप (सिंथच्या 'ब्लीप' आवाजांचं टेक्नो) आणि पहिल्या ब्रेकबीटचा काळ, वेग १२५ ते १३५ बीपीएम (मिनिटाला ठोके). ब्रेक म्हणजे जुन्या रेकॉर्डमधला एकट्या ड्रमचा तुकडा, आणि त्यावर उभा केलेला ठेका म्हणजे ब्रेकबीट. १९९२ म्हणजे ब्रेकबीट हार्डकोरचा भर, १३५ ते १५०. १९९३ मध्ये डार्क (अंधारं) आणि हॅपी (आनंदी) अशी फूट पडू लागली, वेग १५० ते १६०. १९९४-९५ मध्ये एकीकडे जंगल आणि दुसरीकडे हॅपी हार्डकोर, दोन्ही १६० च्या आसपास किंवा वर. हॅपी पुढे १९९७ पर्यंत १७० ते १८० ला पोचलं. नेदरलँड्सचं गॅबर, म्हणजे विकृत केलेल्या दणकट सरळ ठोक्यांचं हार्डकोर, १९९२ पासून समांतर चाललं होतं आणि त्याने १९० चा टप्पाही ओलांडला.

वेगावरून वर्ष ओळखायची सवय लावून घ्या. एखादी अनोळखी इंग्लिश रेकॉर्ड १३८ ला असेल आणि तिच्यात पियानो व ब्रेकबीट दोन्ही असतील, तर ती १९९२ च्या आगेमागेचीच असण्याची शक्यता फार मोठी.

मग सर्वात आवडता काळ कोणता?

बहुतेक चाहते स्वतः पहिल्यांदा ज्या वर्षी नाचले तेच वर्ष सांगतात. त्यात चूक काही नाही, पण त्या उत्तराने नव्या ऐकणाऱ्याला मदत होत नाही. आमचं उत्तर ठाम आहे: १९९२ चा उन्हाळा ते १९९३ ची अखेर.

त्या दीड वर्षात सगळं अजून एकाच घरात नांदत होतं. एकाच रेकॉर्डमध्ये हिप-हॉपचे ड्रम, जमैकन साउंड सिस्टिमचा बेस, डेट्रॉइट आणि बेल्जियमचे सिंथ, शिकागो-इटलीचा पियानो आणि सोल गायिकेचा वर ओढलेला आवाज सापडायचा. पुढे यातला एकेक घटक वेगळा होऊन त्याची स्वतंत्र शैली झाली: बेस आणि ड्रम जंगलकडे गेले, पियानो आणि गाणं हॅपी हार्डकोरकडे. वेगळं झाल्यावर प्रत्येक घटक अधिक सफाईदार झाला, पण त्यांची आपसातली रस्सीखेच संपली. ती रस्सीखेच हाच या संगीताचा प्राण होता, असं आम्हाला मनापासून वाटतं.

लेबलं, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या, कोणती शोधायची? रॉब प्लेफर्डचं मूव्हिंग शॅडो, फोर हिरो मंडळींचं रीइन्फोर्स्ड, रॉमफर्डच्या रेकॉर्डच्या दुकानातून उभं राहिलेलं सबर्बन बेस, लंडनचं प्रॉडक्शन हाउस, लेस्टरचं फॉर्मेशन आणि १९९२ मध्ये सुरू झालेलं नाइटफोर्स. एवढ्या सहा नावांवर दोन महिने सहज जातील.

या काळातली एकच रेकॉर्ड जवळून ऐकायची झाली तर?

एसेनची 'ट्रिप टू द मून', प्रॉडक्शन हाउस, १९९२. हिची तीन रूपं निघाली, तिन्ही ऐका. जॉन बॅरीच्या चित्रपटसंगीतातला तंतुवाद्यांचा तुकडा उचलून तो धावत्या ब्रेकबीटवर ठेवला आहे. ऐकताना लक्ष दोन जागी द्या. तंतुवाद्यं संथपणे वर चढतात आणि ड्रम त्यांच्याखालून कितीतरी वेगाने पळतात. दोन्हींची लय एकच, पण चाल वेगळी. मग ड्रम अचानक थांबतात, तंतुवाद्यं एकटी उरतात आणि ठेका परत येतो तेव्हा सगळी खोली उचलली जाते.

दुसरी घ्यायची तर ऑम्नी ट्रिओची 'रेनेगेड स्नेअर्स', मूव्हिंग शॅडो, १९९३. हिच्यात स्नेअर (ड्रमसेटमधला कडक, खणखणीत आवाजाचा ड्रम) हेच मुख्य वाद्य आहे. पियानो साधा, जवळजवळ लाजरा, आणि स्नेअरच्या सरी एखाद्या तबलजीने तिहाई बांधावी तशा जागेवर येऊन पडतात.

गायिकेचा आवाज असा चिरका, लहान मुलासारखा का येतो?

त्या वेळच्या सॅम्पलरवर (आवाजाचा तुकडा साठवून वाजवणाऱ्या यंत्रावर) वेग वाढवला की सूरही चढायचा. हिशोब सोपा आहे. १०० बीपीएमचं सोल गाणं १५० वर नेलं तर वेग दीडपट होतो, म्हणजे सूर ७ अर्धस्वरांनी चढतो. आपल्या भाषेत, गायिकेचा सा थेट पंचमावर जातो. ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर लावली तर वेग १.३५ पट होतो आणि सा शुद्ध मध्यमाच्या किंचित वर पोचतो. हिप-हॉपचा १२० चा ब्रेक असा वाजवला की १६२ मिळतात. सुरुवातीच्या डीजेंनी नेमकं हेच केलं.

यात काटकसरही होती. अकाई एस१००० या सॅम्पलरमध्ये मुळात २ मेगाबाइट मेमरी असायची, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झवर मोनोमध्ये जेमतेम २३-२४ सेकंद. म्हणून रेकॉर्ड ४५ वर लावून सॅम्पल घ्यायचं आणि नंतर सॅम्पलरमध्ये सूर खाली आणायचा, तेवढीच जागा वाचते. त्यातून येणारा खरखरीतपणा पुढे त्या काळाची ओळख बनला. वेग वाढवूनही सूर तोच ठेवणारं टाइमस्ट्रेच अकाईवर होतं, पण त्याने आवाजाला धातूसारखी किनार यायची. जंगलवाल्यांनी ती किनारच उचलून धरली.

आमेन ब्रेक म्हणजे काय, आणि तो स्वतः कसा कापायचा?

द विन्स्टन्स या अमेरिकन बँडच्या १९६९ मधल्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात ड्रमर ग्रेगरी कोलमनने एकट्याने वाजवलेल्या चार बार (एक बार म्हणजे चार ठोक्यांचं आवर्तन). लांबी सुमारे ७ सेकंद, वेग साधारण १३७ बीपीएम. हजारो रेकॉर्ड या सात सेकंदांवर उभ्या आहेत आणि कोलमनला त्याचा मोबदला मिळाला नाही. ही गोष्ट प्रत्येक चाहत्याला माहीत असायला हवी.

कापण्याची रीत अशी. आधी पूर्ण ब्रेक १६० वर न्या, टाइमस्ट्रेच बंद ठेवून. सूर सुमारे २.७ अर्धस्वर चढेल, तो तसाच राहू द्या. १६० ला एक बार बरोबर १.५ सेकंदाचा असतो. त्याचे आठ तुकडे करा, प्रत्येक १८७.५ मिलिसेकंदांचा. काप तरंग शून्यावरून जातो तिथेच घ्या, नाहीतर प्रत्येक तुकड्याला 'टक्' असा आवाज येतो. मग प्रत्येक तुकडा कीबोर्डच्या एकेका पट्टीवर टाका आणि हाताने वाजवा. पहिल्या तीन बारमध्ये मूळ क्रम बहुतांश ठेवा आणि चौथ्यात मोडा. सगळेच बार मोडले तर नाचणाऱ्याला धरायला काही उरत नाही.

सर्वात जास्त बिघडतं ते क्वांटाइझमुळे, म्हणजे ठोके काटेकोर कालरेषांवर (ग्रिडवर) ओढल्यामुळे. तुकड्याच्या आत स्नेअरचे जे हलके, अर्धवट ठोके असतात ते ग्रिडपासून जरा सरकलेले असतात. शंभर टक्के क्वांटाइझ केलं की तीच जान जाते आणि ब्रेक शिवणयंत्रासारखा वाजतो. ५० ते ६० टक्क्यांवर थांबा. दुसरी चूक, ब्रेकखाली आणखी जड किक (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा ठोका) घालताना दोघांचा तरंग उलटसुलट येतो आणि आवाज वाढण्याऐवजी पोकळ होतो. किकची फेज उलटवून ऐका, जे भरीव लागेल ते ठेवा.

हा काळ महागड्या स्टुडिओत घडला का?

नाही. अटारी एसटी संगणकावर क्यूबेस हा प्रोग्राम आणि एक अकाई सॅम्पलर एवढ्यावर असंख्य रेकॉर्ड झाल्या, कारण अटारीत मिडीची (वाद्यं आणि संगणक जोडणाऱ्या पद्धतीची) जोडणी अंगचीच होती. ज्यांना तेही परवडत नव्हतं त्यांनी अमिगा संगणकावर ऑक्टामेड हा प्रोग्राम वापरला. अमिगाला मूळचे चारच चॅनेल, तेही ८ बिटचे. अर्बन शेकडाउनची १९९२ ची 'सम जस्टिस' अमिगावरच घडली.

तो व्हॅक्यूम क्लीनरसारखा आवाज कुठून येतो?

त्याला हूवरच म्हणतात. रोलँड अल्फा जुनो या सिंथमधल्या 'व्हॉट द' नावाच्या तयार आवाजातून तो आला. १९९१ मध्ये जोई बेल्ट्रमच्या 'मेंटॅझम'ने आणि रॉटरडॅमच्या ह्यूमन रिसोर्सच्या 'डॉमिनेटर'ने तो जगभर पसरवला. आज बनवायचा तर करवती तरंग घेऊन त्याची पल्स विड्थ हळू हलवा, एक सप्तक खाली सब ऑसिलेटर द्या, वर भरपूर कोरस आणि सुरुवातीला सूर झटकन हलवणारं एन्व्हलप. कोरस कमी पडला तर तो निव्वळ भोंगा वाटतो.

डार्क आणि हॅपी वेगळे का झाले?

१९९२ मध्ये हार्डकोर थेट ब्रिटिश टॉप टेनमध्ये घुसलं होतं. प्रॉडिजीची 'चार्ली' १९९१ मध्येच तिसऱ्या क्रमांकावर गेली होती. पाठोपाठ एसएल२ आणि स्मार्ट ईज हे गट दुसऱ्या क्रमांकावर. लहान मुलांच्या कार्यक्रमांचे तुकडे वापरलेल्या नकला भराभर निघाल्या आणि संगीताच्या मासिकांनी या प्रकाराची टर उडवली. ते ज्यांना बोचलं, त्यांनी पियानो काढून टाकला आणि अंधाराकडे वळले. गोल्डीची १९९२ ची 'टर्मिनेटर' इथला मैलाचा दगड: तिच्यात ईव्हेंटाइड हार्मोनायझर वापरून वेग न बदलता ड्रमचा सूर चढवला आहे, त्यामुळे ठेका जागीच पिळला जातोय असं वाटतं. १९९३ मध्ये ओरिजिन अननोनची 'व्हॅली ऑफ द शॅडोज' आली.

ज्यांना आनंद सोडायचा नव्हता ते स्लिपमॅट, सिडक्शन, डूगल, व्हाइब्ज या डीजेंच्यामागे गेले.

जंगल हा हार्डकोरचाच काळ मानायचा का?

१९९३ पर्यंत निःसंशय. पूर्व लंडनचं चोरटं रेडिओ स्टेशन कूल एफएम ऐकणाऱ्याला तेव्हा ही सीमारेषा जाणवत नव्हती. १९९४ च्या मध्यापासून ते स्वतंत्र घर झालं. एम-बीट आणि जनरल लेव्ही यांचं 'इन्क्रेडिबल' त्या वर्षी आठव्या क्रमांकावर गेलं.

फरक कानाने ओळखायची खूण: जंगलमध्ये ड्रम १६० ला असतात आणि बेस ८० ला चालतो. बेस ठाय लयीत, ड्रम दुगुनीत. नाचणारा दोन्हींपैकी काहीही पकडू शकतो. हार्डकोरमध्ये सगळे एकाच लयीत धावतात.

हॅपी हार्डकोर बालिश आहे असं म्हणतात, ते खरं का?

नाही, आणि हा आरोप आम्हाला खटकतो. स्लिपमॅटची 'एसएमडी' मालिका, जिमी जे आणि क्रू-एल-टी यांची 'सिक्स डेज', ही कारागिरी आहे. १९९३ ते १९९५ मधल्या हॅपी रेकॉर्डमध्ये ब्रेकबीट आणि सरळ किक दोन्ही एकत्र चालतात, ते सांभाळणं अवघड असतं. १९९६ नंतर ब्रेकबीट गळून गेला आणि नुसती किक उरली, तिथे एकसुरीपणा आला हे मान्य. बॉन्कर्स ही सीडी मालिका १९९६ ची, म्हणजे बरोबर त्या वळणावरची. मिल्टन कीन्सच्या सँक्चुअरी सभागृहात आणि एडिनबरोजवळ इंग्लिस्टनच्या रेझरेक्शन या रेव्हमध्ये हे संगीत जगलं. स्कॉटलंडमध्ये ते इंग्लंडपेक्षा कडक आणि गॅबरच्या जवळचं होतं. स्कॉट ब्राउन ऐका म्हणजे कळेल.

गॅबरचा सर्वात चांगला काळ कोणता?

१९९२ ते १९९५. मूळ फ्रँकफर्टमध्ये: मार्क अकार्डिपानेची 'वी हॅव अराइव्ह्ड', १९९०. पण त्याला घर मिळालं रॉटरडॅममध्ये, पार्कझिख्ट क्लबमध्ये आणि पॉल एल्स्टाकच्या रॉटरडॅम रेकॉर्ड्समध्ये. त्या लेबलची पहिलीच रेकॉर्ड 'अ‍ॅमस्टरडॅम? ते कुठे आलं?' असा सवाल टाकणारी होती. त्यामागे दोन शहरांचं जुनं, फुटबॉलच्या मैदानावरचं वैर आहे. ३ ऑक्टोबर १९९२ ला हीरेनवेनच्या थियाल्फ स्टेडियममध्ये थंडरडोम हा मोठा गॅबर रेव्ह पहिल्यांदा झाला. बर्फावर स्केटिंग करायची ती जागा. तुळतुळीत डोकं, 'ऑस्ट्रेलियन' नावाच्या इटालियन ब्रँडचा ट्रॅकसूट, नायकी एअर मॅक्स आणि हाक्केन हा पायांचा नाच, हे सगळं तिथलंच. १९९५ मध्ये एल्स्टाकची 'रेनबो इन द स्काय' आणि त्यासारखी गोड गाणी डच चार्टवर आली, आणि दोन-तीन वर्षांत विडंबनगीतांनी या प्रकाराची हवा काढली.

गॅबर किक कशी बनते?

रोलँड टीआर-९०९ या ड्रम मशीनची किक. अटॅक पूर्ण, डिके लांब. आता ती मिक्सरच्या चॅनेलमध्ये इतकी चढवायची की तरंगाची डोकी सपाट कापली जातात. गोल तरंग चौकोनी झाला की त्यात वरचे स्वर भरतात आणि शेपटीला स्पष्ट सूर येतो. तो सूर गाण्याच्या पट्टीत लावा: एफ म्हणजे ४३.७ हर्ट्झ, जी म्हणजे ४९.

१८० बीपीएमला एक ठोका ३३३ मिलिसेकंदांचा. किकची शेपटी ३०० च्या आत संपवा, नाहीतर ती पुढच्या ठोक्यावर चढते आणि सगळा चिखल होतो. वेगळा बेस घालू नका, शेपटी हाच बेस. एकदम जोरात विकृत करण्यापेक्षा दोन-तीन टप्प्यांत थोडं थोडं करा आणि प्रत्येक टप्प्याआधी इक्वलायझरने मधली पट्टी थोडी वर उचला. सुरुवातीचा 'टॉक्' हरवला तर न कापलेल्या किकचे पहिले १० मिलिसेकंद वरून जोडा.

२००० नंतरचं काही ऐकण्यासारखं आहे का?

आहे. डच हार्डकोर १६०-१७० ला उतरून जड आणि भव्य झालं, अँगरफिस्ट हे त्यातलं मोठं नाव. १९९२ च्या ढंगात आजही नव्या रेकॉर्ड निघतात आणि नाइटफोर्स त्यात आघाडीवर आहे.

कायद्यामुळे हा काळ संपला का?

काही अंशी. १९९० च्या कायद्याने विनापरवाना पार्टीचा दंड २०,००० पौंडांपर्यंत नेला, म्हणून रेव्ह शेतांतून परवान्याच्या सभागृहांत आले. मे १९९२ मध्ये वूस्टरशरमधल्या कॅसलमॉर्टन माळावर आठवडाभर हजारो लोक जमले आणि सरकार हादरलं. १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्यात रात्री उघड्यावर १०० किंवा अधिक लोकांच्या जमावाला, आणि 'पुन्हापुन्हा येणाऱ्या ठोक्यांच्या' संगीतालाही, व्याख्येत पकडलं. पण संगीतातली फूट त्याच्या आधीच, १९९३ मध्ये पडू लागली होती.

गोवा ट्रान्स याच कुटुंबातलं का?

चुलत घराणं म्हणा. हणजुण्याच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकात जे सुरू झालं त्यातून ते आलं. तिथे किक सरळ, ब्रेकबीट जवळजवळ नाही, आणि वळणं सावकाश आठ-दहा मिनिटांत येतात. हार्डकोरची रेकॉर्ड तेवढ्यात तीनदा कोसळून उभी राहते. भारतीय धागा शोधायचाच तर १९९५ मधल्या लंडनच्या ब्लू नोट क्लबमध्ये पाहा: गोल्डीच्या मेटलहेड्झच्या रात्री आणि तबलावादक तलविन सिंगच्या 'अनोखा'च्या रात्री एकाच छताखाली व्हायच्या.

एकाच सेटमध्ये वेगवेगळे काळ कसे जोडायचे?

टेक्निक्स १२०० या डीजेंच्या टर्नटेबलवर पिच (वेग बदलणारी पट्टी) ८ टक्के वर-खाली जातो. १४५ ची रेकॉर्ड जास्तीत जास्त १५६.६ होते, १७५ ची कमीत कमी १६१. दोघी भेटत नाहीत. मधे १९९३ ची १६० ची रेकॉर्ड पूल म्हणून लावा, ती १४७ ते १७३ पर्यंत फिरते. लक्षात ठेवा, पिच ६ टक्के हलला की सूर एक अर्धस्वर बदलतो. दोन पियानो एकमेकांवर आणायचे असतील तर हा हिशोब आधी करा. कानाला न पटणारी बहुतेक मिक्स वेगामुळे नाही, सुरामुळे फसतात.

जुन्या टेप पॅकच्या (रेव्हमधल्या डीजे सेटच्या कॅसेटसंचाच्या) कॅसेट डिजिटल कशा करायच्या?

आधी कॅसेटच्या खिडकीतून पाहा. कोकणात, मुंबईत पावसाळे काढलेल्या कॅसेटवर बुरशीची पांढरी भुकटी असते. अशी कॅसेट थेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, डेकचं हेड खराब होतंच, शिवाय पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. पाच स्क्रू असलेलं कवच असेल तर उघडून दोन्ही रिळं नव्या कवचात टाका. त्याने दाबाची निसटलेली गादीही आपोआप बदलते. ती नसली की उंच आवाज येतो-जातो.

डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे पळवा. मग वाजवताना हेडशेजारचा अझिमथचा (हेडचा टेपशी कोन लावणारा) स्क्रू अगदी थोडा फिरवत, मोनोमध्ये ऐकत, हाय-हॅट सर्वात स्वच्छ लागेल तिथे थांबा. नव्वद टक्के सुधारणा याच स्क्रूने होते आणि बहुतेक लोक हीच पायरी गाळतात. डॉल्बी बंद. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह फाइल, कमाल पातळी उणे ६ डेसिबल. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू सुमारे ७८० मेगाबाइट होते. आवाजाची सफाई मूळ फाइलवर कधीही करू नका, प्रतीवर करा.

विकत घेतलेली डिजिटल फाइल अस्सल आहे की एमपी३ वरून फुगवलेली, कसं ओळखायचं?

स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजातल्या वारंवारता चित्ररूपात दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडा. १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी सरळ रेषा दिसली तर मूळ बहुधा १२८ केबीपीएसची एमपी३ आहे. कॅसेटवरून आलेल्या फाइलमध्येही वरचा भाग विरळ असतो, पण तो हळूहळू विरतो, रेषा दिसत नाही.

किती जोरात ऐकावं?

८५ डेसिबलला ८ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला १५ मिनिटं. गॅबर शांतपणे ऐकवत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून स्पीकरसमोर उभं राहायचं असेल तर फिल्टरवाले इअरप्लग घ्या. फोमचे स्वस्त प्लग उंच आवाज जास्त खातात आणि ब्रेकमधले हलके ठोके ऐकूच येत नाहीत.